मी फक्त विटा रंगवल्या

चित्र पोळपाटाहून मोठं नाही.
ओकची फळी, तिच्यावर मागचं अंगण,
उपडं घातलेलं एक पिंप
आणि पिंपावर टेकलेली बाई,
लाकडी जोडा हातात धरून
त्यातला खडा झटकणारी.
बस. एवढंच.

मेस्टर बारेंटनी तिला खिडकीतून पाहिलं
तेव्हा मी सफेदा घोटत होतो.
हिलेगोंड. शेजारी कपडे धुवायची.
धुण्याची पाटी खाली ठेवून ती बसली
दोन श्वासांपुरती,
कुणी बघत नाही अशा वेळी
माणूस जसं बसतं तशी.

दुसऱ्या दिवशी सहा स्टायव्हर देऊन तिला बोलावलं.
कालच्यासारखी बस, म्हणाले.
ती बसली, पण कालच्यासारखी नाही.
जोड्यात खडाच नव्हता.
मला गल्लीत पिटाळलं. मी तीन आणले:
एक टोकदार, एक चपटा, एक वाटाण्याएवढा.
तिने तिन्ही पायाखाली घालून पाहिले,
बाजारात अंडी पारखावीत तसे,
आणि हसत सुटली.
चेहरा काही केल्या जमेना.
शेवटी मेस्टरांनी तिची मान भिंतीकडे वळवली.
म्हणून चित्रात कानाची पाळी तेवढी दिसते,
थंडीने लाल झालेली,
आणि टोपीतून निसटलेली बट.

भिंत माझ्या वाट्याला आली.
"विटा मोजू नकोस, बघ," ते म्हणाले.
मी मोजल्या. दोनशे सात.
पन्हळीखालची एक कायम ओली असायची,
तिच्यात मी किंचित हिरवा मिसळला.
मेस्टर त्या विटेपाशी थांबले,
काही न बोलता पुढे गेले.
त्या रात्री मला झोप आली नाही.

मग धान्याचा व्यापारी आला, एव्हर्ट.
चित्र उजेडात धरलं, दूर धरलं.
"एकटीच? कुणाची वाट बघतेय?"
"खडा काढतेय."
"ते दिसतंय हो. पण अर्थ काय?"

मग फाटकात एक पुरुष आला.
लाल मोजे, हॅटमध्ये पीस,
ओठ शीळ घालायच्या बेतात.
देखणा उतरला होता, खोटं का बोलू.
पण बाई आता खडा काढत नव्हती.
पाय दाखवत होती.

त्याच हिवाळ्यात एव्हर्ट राईच्या सौद्यात बुडाला.
चित्र परत आलं, पैसे आले नाहीत.
मेस्टर खोकून खोकून फेब्रुवारीत गेले.
लिलावाला पाच आठवडे होते,
तेवढ्यात रंग सुकला असता.
मेणबत्तीच्या तुकड्यावर मी फाटक बुजवलं,
एकेक वीट.
आधी बूट, मग लाल मोजे,
मग ती शीळ,
शेवटी हॅट.
पिसावर हात अडला थोडा. मेस्टरांचा हात होता तो.

आता विटा दोनशे एकोणसाठ.
कोण मोजतंय.

लिलावाच्या सकाळी हिलेगोंड
मेस्टरांच्या चादरी धुऊन घेऊन आली.
चित्रासमोर उभी राहिली, पाटी कमरेवर तशीच.
मला वाटलं, काहीतरी म्हणेल.
म्हणाली, "जोडा डाव्या पायाचा होता,"
आणि चादरींचे पैसे मागून गेली.

अकरा गिल्डरला कांपनच्या एका नोटरीने नेलं ते.

मी आता पाट्या रंगवतो.
खानावळींचे हंस, न्हाव्यांच्या वाट्या.
आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं
की तेल म्हातारं होताना पातळ होतं,
खाली दडपलेलं वर येतं, हळूहळू,
कुणी बोलावलेलं नसताना.
नोटरीच्या भिंतीवर दुपारचं ऊन येत असेल.
चाळीस वर्षं झाली.
पहिल्यांदा पीस दिसेल,
विटांच्या सांध्यात डाग पडावा तसं.
मग हॅटची कड.

तोवर तिचा खडा निघालेला असू दे.
दोन्ही जोडे पायात असू देत,
डावा डाव्यात.